आदाम-हव्वेच्या पतनाच्या गोष्टीत आनंद कुठे आहे?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: ‘आदामाचं पतन झालं ते माणसं व्हावीत म्हणून, आणि माणसं आहेत ती त्यांना आनंद मिळावा म्हणून’ हे वाक्य वाचलं, आवडलं, म्हणून बायबल काढून उत्पत्तीचा तिसरा अध्याय वाचला, तर तिथं आनंद औषधालाही नाही. सापाचं ऐकून देवानं मना केलेलं फळ दोघं खातात, आणि मग शाप, घाम, काटेकुसळं आणि शेवटी बागेतून हकालपट्टी. मग हा आनंद आला कुठून, आणि ही गोष्ट मानणाऱ्याला स्वतःपुरतं तिच्यातून काय मिळतं?

आधी वाक्याचा उलगडा. ते बायबलमधलं नाही. ते मॉर्मन ग्रंथातलं आहे, मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ यानं १८३० साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या. त्यातल्या नीफीच्या दुसऱ्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, लेही नावाचा म्हातारा बाप रानातल्या हालअपेष्टांत जन्मलेल्या आपल्या याकोब नावाच्या मुलाला हे सांगतो. तिथला विचार असा की आदाम-हव्वा बागेतच राहिले असते तर त्यांना मुलंबाळं झाली नसती, आणि दुःख ठाऊक नाही म्हणून आनंदही ठाऊक झाला नसता. मी वसईचा कॅथलिक. आमचं चर्च तो ग्रंथ शास्त्र म्हणून मानत नाही, आणि मुलाबाळांचा मुद्दा मलाही पटत नाही. कारण फळाचा प्रसंग यायच्या कितीतरी आधी, उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात, ‘फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा’ असा आशीर्वाद देऊन झालेला आहे. पण हे बोलणं एका बापाचं मुलाशी आहे, ते मात्र मला फार जवळचं वाटतं. का, ते पुढं येईल.

आता तिसरा अध्याय पुन्हा काढा आणि सावकाश वाचा. ‘पतन’ हा शब्द त्यात नाही. ‘पाप’ हाही नाही. तो पहिल्यांदा येतो चौथ्या अध्यायात, काइन आणि हाबेल या आदामाच्या मुलांच्या वेळी. (सफरचंदही नाही, नुसतं ‘फळ’ आहे.) शाप आहे, पण तो कुणाला? सापाला आणि जमिनीला. बाईला वेदना सांगितल्यात, पुरुषाला घाम सांगितलाय, पण ‘तू शापित’ असं त्या दोघांना देव म्हणत नाही. मी हे चाळिशीत पहिल्यांदा नीट पाहिलं. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला उलटंच शिकवल्यासारखं आठवतं, किंवा आम्ही तसं ऐकलं असेल.

आणखी एक. ‘मातीला परत जाशील’ हे ऐकल्यावर लगेचच्या ओळीत आदाम काय करतो? बायकोला नाव देतो. हव्वा. हिब्रूत ते नाव ‘जीवन’ या शब्दाच्या नात्यातलं आहे. मरणाची शिक्षा ऐकून माणूस शेजारी उभ्या बाईला ‘सगळ्या जिवंतांची आई’ म्हणतो. तुम्ही शोधताय तो आनंद मला पहिल्यांदा दिसला तो इथं, तोही डोळे मिचकावण्याइतकाच.

दुसऱ्यांदा दिसला तो त्याच्या पुढच्याच ओळीत, एकविसाव्या. देव त्या दोघांसाठी चामड्याची वस्त्रं करतो आणि त्यांना घालतो. त्यांनी स्वतः अंजिराची पानं जोडून लाज झाकलेली असते. पानं ती, किती टिकणार? ज्याचा अपराध केला तोच बसून कपडे शिवतो, आणि मग बागेबाहेर घालवतो. आधी कपडे, मग हकालपट्टी. हा क्रम मला लहानपणीच कळायला हवा होता, कारण तो आमच्या घरात घडून गेला होता.

माझे बाबा शिंपी. आमच्याकडं उपवासकाळात, म्हणजे इस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, लग्नं होत नाहीत, त्यामुळं इस्टरनंतरच्या लग्नांचे कपडे त्याच दिवसांत शिवायला येतात. ऐंशीच्या दशकात सफारी सूटची चलती होती. मी सोळा वर्षांचा होतो, शाळेतून आलो की दुकानात बसायचो, काज-बटणं करायचो. एका दुपारी बाबा मालाडला अस्तर आणायला गेले आणि मी, काय अंगात आलं होतं कोण जाणे, नवरदेवाच्या काकाची सफारी कापायला घेतली. बाबांनी खडूनं आखून ठेवलीच होती. मी खडूच्या रेघेवरूनच कातर चालवली.

शिवणकाम करणाऱ्याला पुढचं सांगायला नको. रेघेच्या बाहेर कापड सोडायचं असतं, शिवण बसायला आणि उद्या उसवून वाढवायची वेळ आली तर. त्याला आमच्यात माया म्हणतात. मी माया सोडलीच नाही. काका अंगानं चांगला भरलेला होता. ते कापड त्याला कुठल्याही वाटेनं पुरणार नव्हतं.

मी ते तुकडे गुंडाळून फळीखाली सारले आणि किनाऱ्यावर जाऊन बसलो. अंधार पडल्यावर बाबा आले. लांबूनच हाक मारली, ‘कुठं आहेस रे?’ मी दिसत होतो त्यांना. देवही आदामाला तेच विचारतो, ‘तू कोठे आहेस?’ त्यालाही दिसत असणारच.

आणि मी आदामासारखंच उत्तर दिलं. ‘तुम्हीच मला दुकानात बसवलंत,’ म्हणालो. तिसऱ्या अध्यायात आदामही नुसता बायकोवर ढकलत नाही. ‘जी स्त्री तू मला दिलीस’ म्हणतो. म्हणजे चूक देणाऱ्याची. हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याला मुलगे ठाऊक होते.

बाबा रागावले नाहीत असं सांगितलं तर खोटं होईल. कापड पदरच्या पैशानं नवीन आणलं, काकाची सफारी वेळेवर दिली. मला मात्र कातरीला हात लावू दिला नाही, त्या वर्षी नाही आणि नंतरही कधी नाही. दुकान धाकट्या भावाकडं गेलं, मी बँकेच्या परीक्षा दिल्या. ते कसब माझ्या हातून गेलं ते गेलंच. म्हणून ‘जे झालं ते बऱ्यासाठीच’ असं कुणी म्हटलं की मला चीड येते. बरं झालं नव्हतं. बाग बंदच झाली होती.

पण पवित्र आठवड्यात, इस्टरच्या आधीच्या आठवड्यात, एका रात्री मशिनचा आवाज ऐकला. त्या वाया गेलेल्या तुकड्यांतून बाबा माझ्या मापाची सफारी शिवत होते. काकाला न पुरलेलं कापड काटकुळ्या पोराला पुरलं. मला त्यांनी सांगितलं नव्हतं, माप घेतलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी कपडे खाटेवर ठेवलेले होते.

तीच घालून मी इस्टरच्या जागरणाला गेलो. त्या रात्री चर्चबाहेर अग्नी पेटवतात, त्यावर मोठी पास्काची, म्हणजे इस्टरची, मेणबत्ती लावतात, ती अंधाऱ्या चर्चमध्ये आणतात आणि सगळ्यांच्या हातातल्या छोट्या मेणबत्त्या तिच्यावरून पेटतात. मग एक लांबलचक स्तुतिगीत गायलं जातं. शतकानुशतकं चालत आलेल्या त्या लॅटिन गाण्यात आदामाच्या पापाला चक्क ‘आवश्यक’ म्हटलंय, आणि पुढं ‘धन्य तो अपराध, ज्यामुळं एवढा थोर तारणारा लाभला’ अशा अर्थाची ओळ आहे. म्हणजे तुम्ही वाचलेल्या वाक्यापासून आमचं हे गाणं वाटतं तितकं लांब नाही. फरक मला एवढाच दिसतो की आम्ही ते वर्षातून एकदा, अंधारात, हातात दिवा आल्यावर गातो. मागं वळून बघताना ‘धन्य अपराध’ म्हणता येतं. त्या दुपारी किनाऱ्यावर कुणी मला येऊन ‘कापड नासलंस ते आवश्यकच होतं’ म्हणालं असतं, तर मला तो माणूस सापासारखाच वाटला असता.

तुम्ही ही गोष्ट ‘आपल्याकडची नाही’ असंही लिहिलंय. १६१६ साली गोव्यात राचोलला छापलेल्या ख्रिस्तपुराणात फादर थॉमस स्टीफन्सनी ती मराठी ओवीत सांगितली आहे. चारशे वर्षं झाली. तेव्हा त्या बाबतीत संकोच नको.

त्या रात्री ओळ कानावर आली तेव्हा मी काही फार मोठं समजलो नव्हतो. माझं लक्ष मेणबत्तीकडं होतं, आणि तरी तिचा मेणाचा एक मोठा थेंब नव्या सफारीच्या खिशावर पडलाच. मी हातानं झाकून घेतला. बाबा दोन माणसं सोडून उभे होते. इस्टरच्या सकाळी उठून बघतो तर सफारी दुकानातल्या टेबलावर पसरलेली, खिशावर जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा ठेवलेला, आणि बाबा त्यावरून गरम इस्त्री फिरवत होते. मेण कागदात उतरत होतं.