विमा काढायचा हक्क बँकेला, मनमानीचा नाही

प्रश्न : कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरावर बँकेचं गृहकर्ज आहे. घराची पॉलिसी ३१ मे रोजी संपली, मी नवी काढली ती ९ जुलैला. दरम्यान बँकेने परस्पर वर्षाचा विमा काढून २१,४०० रुपये कर्जखात्यात नावे टाकले, वर दंडव्याज. हे भरावंच लागेल का?

उत्तर : सगळं नाही. पण चूक एकट्या बँकेची, असं धरून चालू नका. मंजुरीपत्र बाजूला ठेवा आणि सही केलेला मूळ कर्जकरार काढा. कर्जदाराने तारण मिळकतीचा विमा चालू ठेवला नाही तर बँक तो काढेल आणि खर्च त्याच्या नावे टाकेल, असं कलम त्यात बहुतेक सापडेलच. २०१९ आणि २०२१ ला शाहूपुरीत पाणी कुठवर आलं होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. ऐन पावसाळ्यातल्या त्या ३८ दिवसांचा खर्च तुमच्या माथी येऊ शकतो.

नऊ जुलैनंतरचा मात्र दुबार विमा आहे. तो रद्द करून पैसे परत मागा. तुमच्या पॉलिसीवर बँकेच्या बोज्याची, म्हणजे घर बँकेकडे तारण असल्याची, नोंद आहे ना, हे आधी बघा. नसेल तर आजच करून घ्या, नाहीतर बँक नेमकी तीच सबब पुढे करेल.

बँकेने काढलेल्या पॉलिसीची प्रत आणि प्रीमियमची पावती लेखी मागा. प्रीमियम पोचल्याशिवाय विमा कंपनीवर जोखीम येत नाही. म्हणजे पॉलिसी जुलैअखेर निघाली असेल तर जूनचे पैसे कशाचे? विम्याची रक्कमही तपासा. ती घर पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरते, जागेचा भाव त्यात धरत नाहीत.

दंडव्याजाबाबत तुमची बाजू भक्कम आहे. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दंड वाजवी आकार म्हणूनच घेता येतो, व्याजदरात मिसळून नाही. त्या आकारावर पुन्हा व्याजही चढवता येत नाही. जून २०२४ पर्यंत जुनी कर्जंही या नियमाखाली आली. दंडव्याजाच्या नोंदीचा खातेउतारा जपून ठेवा.

तक्रारअर्ज शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, फी नाही. जिल्हा ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, पण तिथे दावा चालू असताना लोकपाल तेच प्रकरण घेत नाही. म्हणून आधी लोकपाल.

आणि रागाच्या भरात ईएमआय थांबवू नका. वादातली रक्कम भरावीच लागली तर ‘हरकत राखून भरत आहे’ असं लेखी कळवून भरा.