नीतीचा धडा रुग्णाच्या खाटेपाशी

प्रश्न : वैद्यकीय नीतिशास्त्र महाविद्यालयात शिकवले जातेच, मग रोज रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना ते पुन्हा कशाला?

उत्तर : जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९४८च्या जिनिव्हा प्रतिज्ञेत (डॉक्टरांनी घ्यायच्या शपथेत) रुग्णाच्या स्वायत्ततेचा, म्हणजे स्वतःबद्दल स्वतः ठरवण्याच्या हक्काचा, स्पष्ट उल्लेख २०१७मध्ये आला, म्हणजे तत्त्वेही बदलत असतात. पण खरी अडचण वेगळीच आहे. रुग्णाचा मुलगा डॉक्टरांना दाराशीच थांबवून ‘आईला कॅन्सरचे सांगू नका’ म्हणतो, तेव्हा किती जाणून घ्यायचे आहे हे आधी आईलाच विचारावे, ही सवय व्याख्यानाने नव्हे, तर ज्येष्ठ डॉक्टरांना तसे विचारताना पाहून आणि राउंडनंतर त्या प्रसंगावर दहा मिनिटे मोकळेपणाने बोलून अंगवळणी पडते. (ज्येष्ठच संमतिपत्रावरची सही घाईघाईने उरकत असतील, तर कनिष्ठ नेमके तेच उचलतात.)