ठेव मोडून घोडी घ्यावी का?

मोहोळ तालुक्यातले एक वाचक विचारतात: चार एकर जिरायत आहे, बँकेत ४ लाखांची मुदत ठेव आहे. त्यातले सव्वातीन लाख काढून दिवाळीत अकलूजच्या घोडेबाजारातून दीड लाखाची घोडी आणि पावणेदोन लाखांची जुनी बग्गी घ्यायची. लग्नसराईत वराती, एरवी ज्वारीची कोळपणी आणि मालाची ने-आण. वरातीचे ६,००० मिळतील, वर्षाला २५ वराती होतील. कडबा घरचाच. घेऊ का?

यंदा नको, असं माझं मत आहे. तुमचं गणित अडतं ते ‘कडबा घरचाच’ इथे. घरचा कडबा तुम्ही शेकड्याच्या भावाने विकू शकता, म्हणजे घोडीने खाल्लेली पेंढी ही तुमची बुडालेली विक्री. आणि आपल्याकडे ज्या साली पाऊस दगा देतो, त्याच साली कडब्याचा भाव चढतो. तीनशे किलोच्या घोडीला रोज सहा किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो, वर खुराक. चारा-खुराकाचे रोज २०० धरले तरी वर्षाचे ७३,०००. नाल, खुरं, औषधपाणी यांचे महिना १,५०० म्हणजे १८,०००. एकूण ९१,०००. स्वस्तातला, बुरशी लागलेला चारा घालून हे कमी होईल असं समजू नका. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटशूळ उठला की जनावर दगावूही शकतं.

वरातीच्या ६,००० मधून टेम्पो आणि गड्याचे २,००० गेले की हातात ४,०००. म्हणजे २३ वराती नुसत्या घोडीच्या पोटाला. मोडलेल्या ठेवीचं ७ टक्क्यांनी व्याज २२,७५०, तेही यात मिळवा. मग २९व्या वरातीला कुठे खरा नफा दिसू लागतो, आणि घोडी-बग्गीची झीज अजून धरलेलीच नाही. तुमचा अंदाज २५ चा आहे. त्यात चातुर्मासात मुहूर्त नाहीत, खाणं मात्र रोज आहे. एप्रिल-मे हा खरा हंगाम, पण ३७ अंशांवर तापमान असेल तिथे दुपारी १२ ते ३ जनावर गाडीला जुंपायला १९६५ च्या नियमांनी मनाई आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारच्या वराती सोडूनच द्या.

शेतीकामाची बाजू थोडी खरी आहे. हलकी कोळपणी आणि छोटी ने-आण घोडी करेल. मात्र बैलाचं जू तिला चालत नाही, घोडं छातीने ओढतं, त्यामुळे साज वेगळा लागेल. काळ्या रानातली नांगरट ट्रॅक्टरनेच होणार. शिवाय दिवसभर औताला जुंपलेली घोडी संध्याकाळी वरातीत नाचेल, ही अपेक्षा मला जरा जास्तच वाटते.

अनुदानावर भिस्त ठेवली असेल तर: राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून घोड्यांसाठी ५० टक्के, कमाल ५० लाख अनुदान आहे, पण ते पैदाशीच्या प्रकल्पाला. वरातीच्या एका घोडीला नाही. त्याच अभियानातल्या पशुविम्याची चौकशी मात्र जरूर करा. लाभार्थ्याचा हप्त्यातला वाटा १५ टक्के केला आहे.

यंदाची लग्नसराई दुसऱ्याची घोडी-बग्गी भाड्याने घेऊन, स्वतःच्या नावावर ऑर्डरी घ्या. तीस वरातींच्या पार गेलात तर पुढच्या दिवाळीत फक्त घोडी घ्या, बग्गी भाड्याचीच राहू द्या. ठेवीतले अडीच लाख शाबूत राहतील. बाजारात दात बघून वय ठरवणारा जाणकार सोबत न्या, आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा दाखला हातात पडल्याशिवाय इसार देऊ नका.