एमओयूची वाट पाहत बसू नका

नमस्कार. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुमच्या टेक्निकल कम्युनिकेशनच्या (म्हणजे सूचनापत्रांसारख्या तांत्रिक लेखनाच्या) वर्गासोबत संयुक्त असाइनमेंट घ्यायला बेल्जियममध्ये अनुवाद शिकवणाऱ्या प्राध्यापिका तयार आहेत आणि कॉलेज म्हणतंय, 'आधी एमओयू (दोन संस्थांमधला सामंजस्य करार), मग बाकीचं.' नेमक्या ह्याच अटीपायी एका परदेशी विद्यापीठाबरोबरचा आमचा असाच उपक्रम अडला आणि एक अख्खं सत्र गेलं.

आमची फाइल ज्या कार्यालयात गेली तिथे 'वर्गातला उपक्रम' असा रकानाच नव्हता. त्यांना हवा होता करार, कारण नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, तक्त्यात कार्यरत एमओयू मोजले जायचे. मग स्टॅम्प पेपर आला, वाद झाल्यास न्यायक्षेत्र कोणतं हे कलम आलं, बौद्धिक संपदेचं कलम आलं. पैशाचा व्यवहार नाही, पदवी नाही, क्रेडिट नाही. मुलं एकमेकांचा मजकूर वाचणार एवढंच! त्या विद्यापीठाच्या विधी विभागाने साहजिकच शंका काढल्या. प्रत्येक शंकेला आमच्याकडून उत्तर जायचं ते पुढच्या बैठकीनंतर. सह्या झाल्या तेव्हा तिकडचा वर्ग संपला होता. दोन्हीकडची मुलं हकनाक मुकली, याचा राग अजून गेलेला नाही.

माझं स्पष्ट मत: सुरुवात एमओयूशिवाय करा. यूजीसीची २०२२ ची परदेशी संस्थांबरोबरच्या सहकार्याची नियमावली ट्विनिंग (पदवीचा काही भाग परदेशी संस्थेत पूर्ण करणं), संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी यांच्यासाठी आहे. दोन शिक्षकांनी आपापल्या वर्गात घेतलेली असाइनमेंट त्यात बसवायचं कारण मला दिसत नाही. (मी कायद्याचा जाणकार नाही. तुमचं कॉलेज स्वायत्त असेल तर तिथले नियम पाहूनच घ्या.) विभागप्रमुखांना एक पानी टिपण द्या: काय करणार, कोणत्या आठवड्यांत, टर्मवर्कचे (सत्रातल्या अंतर्गत कामाचे) किती गुण, आणि आपल्या मुलांना गुण आपणच देणार. माझ्या मते त्यांची सही पुरेशी असते.

कोणी 'असं कुठे होतं का?' म्हणालं तर ट्रान्स-अटलांटिक अँड पॅसिफिक प्रोजेक्ट दाखवा. विस्कॉन्सिन-स्टाउट विद्यापीठातले ब्रूस मेलाथ आणि बेल्जियममधल्या गेंटच्या सोनिया वांडेपिट या दोन शिक्षकांनी १९९९-२००० च्या सुमारास त्याची सुरुवात केली. अमेरिकेतली मुलं सूचनापत्रं लिहायची, गेंटची मुलं अनुवाद करायची. पुढे फिनलंड, इटली, स्पेनमधले वर्ग जोडले गेले. त्या प्रकल्पाचं मूळ एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाशी थेट जुळवून घेण्यातच आहे.

अनुवाद करणाऱ्या मुलांचे प्रश्न हाच ह्यातला खरा ऐवज. आपल्या मुलाने लिहिलेलं असतं, 'स्क्रू घट्ट बसवा.' तिकडून विचारणा येते: हाताने की पान्याने? आधी कोणता? मी लाल शाईने कितीही खुणा केल्या तरी जे उमगत नाही, ते अशा एका प्रश्नाने उमगतं. म्हणून निदान दोन फेऱ्या प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवा, आणि त्या प्रश्नोत्तरांनाही गुण द्या. गुण नसतील तर सबमिशनच्या धामधुमीत आपली मुलं उत्तरंच पाठवत नाहीत, आणि तिकडची खोळंबतात.

आणखी एक, थोडं विषयांतर: आपली मुलं फक्त दुसऱ्यांचा मजकूर तपासून देणार, अशी वाटणी मान्य करू नका. मूळ लेखन त्यांनीच करायला हवं. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत टेक्निकल रायटर म्हणून लागल्यावर त्यांना तेच करायचं आहे.

वेळापत्रकाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. बेल्जियममधलं शैक्षणिक वर्ष सप्टेंबरअखेरीस सुरू होतं, आपलं विषम सत्र नोव्हेंबरपर्यंत आटोपतं, मध्ये दिवाळी. हाती जवळपास ऑक्टोबरच उरतो. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात आणि साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. बैठकीची वेळ भारतीय आणि बेल्जियन, दोन्ही घड्याळांनुसार लिहून पाठवा.

व्हॉट्सअॅप ग्रुप नको. युरोपात विद्यार्थ्यांचे फोन नंबर असे वाटणं जीडीपीआरमुळे (तिथल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यामुळे) शिक्षकांना अडचणीचं ठरतं. कॉलेजचा ईमेल आणि एक सामायिक फोल्डर पुरे. गट तीन-तीन जणांचे करा, म्हणजे एखाद्याने मध्येच सोडलं तरी काम अडत नाही.

एमओयू हवाच असेल तर एक फेरी पूर्ण झाल्यावर करा. तेव्हा दाखवायला मुलांचं काम असेल आणि कार्यालयालाही नाही म्हणणं जड जाईल. तोवर त्या प्राध्यापिकांना तुमच्या सत्राच्या तारखा आजच कळवा. त्यांचंही नियोजन आधीच ठरत असतं.