नेव्ह म्हणजे सभामंडप, पण चान्सल म्हणजे गाभारा नव्हे

आपला प्रश्न असा आहे: इंग्लंडमधील हेरफर्डशर परगण्यातल्या किलपेक या खेड्यातील चर्चचे वर्णन मराठीत आणताना ‘नेव्ह’साठी, म्हणजे लोकांच्या दालनासाठी, ‘सभामंडप’ आणि ‘चान्सल’साठी, म्हणजे वेदीच्या भागासाठी, ‘गाभारा’ हे शब्द योजावेत का? उदाहरणार्थ, ‘चान्सलचे छत नेव्हपेक्षा बुटके आहे’ हे वाक्य कसे लिहावे?

पहिला शब्द मला मान्य आहे, दुसरा नाही. तो का सुचला असेल हे मात्र किलपेकची वास्तू पाहिल्यावर सहज कळते. सुमारे ११४० मध्ये तांबूस वालुकाश्मात बांधलेल्या या लहानशा चर्चमध्ये पश्चिमेकडून पूर्वेकडे एकामागून एक तीन दालने आहेत. प्रथम लोकांसाठीचा लांबट नेव्ह, मग संतांच्या एकावर एक उभ्या आकृती कोरलेल्या कमानीपलीकडचा चान्सल आणि शेवटी अर्धवर्तुळाकार टोक, अशी त्यांची मांडणी असून प्रत्येक दालन आधीच्यापेक्षा लहान होत जाते. मंडप, अंतराळ आणि गर्भगृह ही रचना ज्याच्या डोळ्यांत मुरलेली आहे, त्याला येथे आपलेच देऊळ दिसावे यात नवल नाही.

आता शब्दांच्या मुळांकडे वळू. ‘नेव्ह’ हा लॅटिन ‘नाविस’ म्हणजे जहाज या शब्दावरून आलेला आहे, आणि ‘नाविस’ व संस्कृत ‘नौ’ ही एकाच मूळ शब्दाची रूपे असल्यामुळे आपली ‘नाव’ ही ‘नेव्ह’ची सख्खी नातलग ठरते. हे नाव उलट्या नावेसारख्या दिसणाऱ्या छतावरून पडले, की ख्रिस्ती मंडळीला तारू मानण्याच्या जुन्या कल्पनेवरून, याविषयी मतभेद आहेत. कोशात ‘नेव्ह’चा अर्थ ‘चाकाचा तुंबा’ असाही सापडेल. तो शब्द अगदी वेगळा असून त्याचे नाते ‘नाभि’शी आहे, म्हणून दोघांची गल्लत करू नये.

‘चान्सल’ची कथा अधिक बोधक आहे. लॅटिनमध्ये ‘कान्केल्ली’ म्हणजे जाळी किंवा गजांचे कुंपण. वेदीचा भाग लोकांच्या भागापासून अशा जाळीने वेगळा केला जाई आणि पुढे जाळीचेच नाव तिच्यापलीकडच्या जागेला मिळाले. रोमन न्यायालयातील जाळीपाशी उभा राहणारा अधिकारी तो चान्सलर, ज्याला आपण विद्यापीठात कुलपती म्हणतो; आणि लिहिलेल्या मजकुरावर जाळीसारख्या आडव्यातिडव्या रेघा ओढून तो रद्द करणे म्हणजे ‘कॅन्सल’. आपण रोज उच्चारतो तो ‘कॅन्सल’ आणि खेड्यातल्या चर्चचा चान्सल एकाच जाळीतून निघाले, हे कळल्यावर मला तरी फार आनंद झाला होता. नॉर्फक परगण्यातील रॅनवर्थच्या चर्चमध्ये पंधराव्या शतकातील संतांच्या चित्रांनी सजवलेला लाकडी पडदा आजही उभा आहे. जाळीचा पुढे असा पडदा झाला.

‘चान्सल’ या शब्दात म्हणूनच मुख्य अर्थ सीमेचा आहे, आणि ती सीमा केवळ धार्मिक नव्हती. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये नेव्हची डागडुजी गावकऱ्यांनी करायची आणि चान्सलची रेक्टरने, म्हणजे गावच्या पिकाचा दशांश घेणाऱ्याने, असा दंडक होता. अनेक ठिकाणी दशांशाचा हा हक्क मठांकडे गेला. १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केल्यावर तो खाजगी मालकांच्या हाती आला, आणि हक्काबरोबर दुरुस्तीचे दायित्वही जमिनीला चिकटून राहिले. वॉरिकशरमधील ॲस्टन कँटलो गावच्या चान्सलचा खर्च तिथल्या एका शेतजमिनीच्या मालकांनी द्यावा, असा निर्णय तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचेही काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सने थेट २००३ मध्ये दिला. एकाच चर्चच्या दोन भागांचे बांधकाम, छत किंवा खिडक्या वेगवेगळ्या धाटणीच्या दिसतात, त्यामागे पुष्कळदा हे दोन वेगळे खर्च करणारे असतात.

‘गाभारा’ हा ‘गर्भागार’चा तद्भव असून त्यात मूर्तीचा निवास अभिप्रेत आहे. भक्त बाहेरून दर्शन घेतो, भोवती प्रदक्षिणा घालतो. चान्सलमध्ये असा निवास नाही. तेथे वेदी असते, गायकवृंदाची आसने असतात आणि सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर कित्येक गावांत प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकर व द्राक्षारसाच्या विधीसाठी, लोक स्वतः आत जाऊन बसत. ‘पवित्रस्थान’ हा शब्दही मी टाळीन, कारण मराठी बायबलमध्ये तो यरुशलेमच्या मंदिरासाठी रूढ झालेला आहे. ‘वेदी’ मात्र निःशंकपणे वापरावा. ‘पॅरिश’साठी, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीसाठी, वसईच्या ख्रिस्ती समाजाचा ‘धर्मग्राम’ हा शब्द तयार आहेच, आणि तो मला फार नेटका वाटतो.

‘चान्सलचे छत नेव्हपेक्षा बुटके आहे’ हे आपले वाक्य मी असे लिहीन: ‘सभामंडपाच्या पूर्वेला, कमानीपलीकडे, चान्सल म्हणजे वेदीचा भाग असून त्याचे छत सभामंडपाच्या छताहून बुटके आहे.’ एकदा असा खुलासा केल्यावर पुढे नुसते ‘चान्सल’ म्हणावे.