लिननचा जंपसूट : बसताना खांदे का ओढतात?

प्रश्न : कुर्ता-पायजमा घरी शिवता येतो. आता उन्हाळ्यासाठी लिननचा बिनबाह्यांचा जंपसूट शिवायचा आहे. उंची ५ फूट ३ इंच. कापड किती आणि कसले घेऊ? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा, मग मीटर ठरवा. ४४ इंची पन्ह्यात पायाचा पुढचा आणि मागचा भाग शेजारी बसत नाहीत, एकाखाली एक कापावे लागतात. म्हणून साडेतीन मीटर घ्या. ५८ इंची पन्ह्यात ते शेजारी मावतात आणि अडीच मीटरमध्ये खिसे-पट्ट्यांसकट काम होते. यात आटण्याचा हिशेब धरला आहे. लिनन पहिल्या धुण्यात मीटरमागे चार-पाच सेंटिमीटर सहज आटते, सैल विणीचे त्याहून जास्त. नुसते बुडवून काढू नका. पुढे ज्या पद्धतीने धुणार त्याच पद्धतीने धुवा, सावलीत वाळवा आणि ओलसर असतानाच कडक इस्त्री करून मग कापा.

लिननच्या सुताचा बारीकपणा दुकानात ‘ली’मध्ये सांगतात. आकडा मोठा तितके सूत बारीक. ६० ली शर्टाला छान, पण पांढऱ्या किंवा फिक्या रंगात पाय आरपार दिसतात आणि अस्तर लावले की उकडते. जंपसूटला ४० लीच्या आसपासचे, म्हणजे १५० ते १८० जीएसएमचे (चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये वजन) कापड घ्यावे असे आमचे मत. ‘लिनन’ म्हणून पॉलिस्टर मिसळलेले कापडही विकले जाते. कडेचे चार धागे काढून जाळा. कागदासारखे जळून मऊ राख उरली तर ठीक. टोकाला कडक मणी झाला तर ते कापड सोडा. कापूसही असाच जळतो, त्यामुळे शुद्ध लिननची खात्री यातून होत नाही. पण आपल्या दमट हवेत अंगाला चिकटणारे पॉलिस्टर नेमके ओळखता येते.

प्रश्न : कुर्त्याच्या आणि पँटच्या मापाने कापून कंबरेत जोडले. उभी असताना छान दिसते. स्कूटरवर बसले की खांदे खाली ओढतात आणि आसनात (दोन पायांमधल्या जोडावर) काचते. कंबर, छाती, सीट सगळे सैल आहे. चुकले कुठे? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : आडवी मापे तुम्ही बरोबर घेतली, उभे माप राहिले. कुर्ता वर सरकतो, पँट खाली सरकते, म्हणून बसताना दोघांमध्ये जागा होते. जंपसूटमध्ये दोन्ही शिवलेले असतात. पाठ वाकली आणि सीट पसरली की लागणारी लांबी येणार कुठून? ती खांद्यावरून आणि आसनातून ओढली जाते. कपडा कितीही सैल असला तरी हे टळत नाही.

यासाठी पूर्ण उभा घेर मोजा. खांद्याच्या मध्यावर टेप धरा, पुढून छातीवरून खाली, दोन पायांमधून मागे आणि पाठीवरून पुन्हा त्याच खांद्यावर आणा. टेप घट्ट ओढू नका. दुसऱ्या कोणाची मदत घ्या, कारण स्वतः वाकून मोजले की माप बदलते. समजा ५८ इंच आले. आता कागदावरच्या कटिंगची चार मापे माया (शिलाईत जाणारे कडेचे कापड) वगळून मिळवा : पुढे खांदा ते कंबर १६, मागे साडेसोळा, पुढच्या आसनाची गोलाई १३, मागची १६. बेरीज साडेएकसष्ट, म्हणजे साडेतीन इंच सैल. न ताणणाऱ्या कापडाला तीन ते चार इंच हवेतच. दोनच्या खाली गेलात तर बसताना काचणार. कमी पडलेली लांबी निम्मी पुढे, निम्मी मागे, कंबरेच्या जवळ वाढवा. आसनाची गोलाई खोल कोरून लांबी मिळवायला जाऊ नका. मांड्यांमध्ये कापड लोंबते आणि पाय उचलताना अडखळते.

तुमचा जंपसूट वाचवता येईल. कंबरेची शिलाई उसवा आणि मध्ये अडीच इंच रुंद पट्टी आडवी लावा. अर्ध्या इंचाची माया दोन्हीकडे गेली की दीड इंच उरतो; पुढे दीड, मागे दीड, म्हणजे घेरात तीन इंच मिळतात. बटणपट्टी कंबरेखाली जात असेल तर ती तेवढ्या भागात आधी उसवावी लागेल. कापड उरले नसेल तर कुणबी साडीच्या लाल चौकटीची पट्टी उठून दिसेल, फक्त ती वेगळी भिजवून रंग जातो का ते आधी पाहा.

पहिल्यांदाच शिवणाऱ्यांनी खांद्यावर शिलाईऐवजी गाठी ठेवाव्यात. १४ इंची चार पट्ट्या पुरतात आणि उभे माप दोनेक इंच वर-खाली करता येते.

प्रश्न : बाथरूमला जाताना सगळे उतरवावे लागते. चेन लावू की बटणे? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : पुढे गळ्यापासून कंबरेपर्यंत बटणे, आणि कंबरेत इलॅस्टिक. कंबरेचे कापड सीटच्या मापापेक्षा दोन इंच जास्त ठेवा, म्हणजे सीट सहज आत-बाहेर होते. कंबर बेतशीर, इलॅस्टिकशिवाय हवी असेल तर बटणपट्टी कंबरेखाली पाच-सहा इंच न्यावी लागेल. पाठीवरची चेन आम्ही सुचवणार नाही. घामेजल्या पाठीवर ती एकट्याने लावणे कठीण आणि पातळ लिनन तिच्या बाजूने लाटेसारखे उभे राहते. बटणपट्टीला आतून हलके फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारे अस्तर) लावा, नाहीतर काजे ताणून लांबतात.

प्रश्न : कडेचे धागे सारखे सुटतात आणि गळा मूळ मापापेक्षा मोठा झाला. (एक वाचक, डिचोली)

उत्तर : कापल्याबरोबर, कापड उचलण्याआधी गळा आणि मुंढ्याला (बाहीच्या जागेच्या गोलाईला) काठापासून पाव इंचावर साधी शिलाई घाला. उरेब, म्हणजे तिरका कापलेला, भाग हाताळतानाच ताणला जातो, त्यामुळे गळा शिवायला घेण्याआधीच मोठा झालेला असतो. मुंढा बाह्यांच्या कुर्त्यापेक्षा अर्धा इंच वर ठेवा. गोट (काठावर दुमडून लावायची पट्टी) लिननचा केला तर जाड होतो, केम्ब्रिक या पातळ सुती कापडाची सव्वा इंची उरेब पट्टी मऊ बसते.

बाजूच्या शिलाईला ५/८ इंच माया ठेवून फ्रेंच शिवण घाला : उलट बाजू एकमेकींवर ठेवून पाव इंचावर शिलाई, धागे कापून माया अर्धी, मग उलटवून ३/८ इंचावर दुसरी. आसनाला मात्र फ्रेंच शिवण नको, गोलाईत ती टोचते. तिथे दोनदा शिलाई मारा, दुसरी पहिलीच्या दोराभर बाहेर, मायेत, मग ओव्हरलॉक. सुई १४ नंबर, टाका अडीच मिलिमीटर. फार बारीक टाक्याने शिलाईच्या रेषेवर कापड कमजोर होते.

प्रश्न : चवथीला कपाट उघडले तर लिननवर काळे ठिपके! (एक वाचक, पेडणे)

उत्तर : बुरशी आहे. पावसाळ्यात ठेवणीतल्या लिननला खळ मुळीच नको, बुरशी तिच्यावर वाढते. धुऊन खळ पूर्ण काढा, इस्त्रीने शेवटचा ओलावा घालवा, थंड होऊ द्या आणि प्लास्टिकऐवजी सुती पिशवीत ठेवा. घड्या दर महिन्याला बदला, एकाच रेषेवर दुमडून राहिलेले लिनन तिथेच विरते.