पाणी न बदलता रीफ टाकी चालते, पण अल्कलिनिटी मोजत राहा

तुमचे आकडे नीट पाहिले. २०० लिटरची रीफ टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, वय दीड वर्ष, १४ आठवडे पाणी बदललेलं नाही. नायट्रेट लिटरमागे ५ मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.०५, मासे ठणठणीत, आणि अल्कलिनिटी (पाण्यातला बायकार्बोनेट-कार्बोनेटचा साठा, डीकेएच या एककात मोजतात) ८.२ वरून ६.४ डीकेएचवर उतरलेली. आता पाणी बदलणं कायमचं सोडलं तर चालेल का, असं विचारलंय. चालेल. पण तुम्ही नायट्रेट बघून निर्धास्त झाला आहात, आणि काळजी करायची ती शेवटच्या आकड्याची.

प्रवाळ आणि खडकावर चढणारं जांभळं कोरलाइन शेवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन सांगाडा बांधतात. १ डीकेएच खर्च झाली की कॅल्शियम लिटरमागे साधारण ७ मिलिग्रॅमने घटतं. तुमची १.८ डीकेएच गेली तेव्हा कॅल्शियम जेमतेम १३ ने उतरलं असेल. ४२० मधले १३ घरच्या किटवर कळतही नाहीत. अल्कलिनिटीचा साठा मुळात लहान, म्हणून घसरण आधी तिथे दिसते. आणि पाणी बदलून ती सावरतही नाही. ८.४ डीकेएचच्या ताज्या पाण्याने १०% पाणी बदललंत, तर ६.४ ची ६.६ होईल, बस.

म्हणून डोसिंग, म्हणजे खपलेलं मोजून भरत राहणं, सुरू करा. २०० लिटरमध्ये १ डीकेएच वाढवायला सुमारे ६ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट लागतं. रोज ३ ग्रॅम आरओ पाण्यात विरघळवून, जोराच्या प्रवाहात हळूहळू सोडा. ८ गाठली की डोस थांबवून तीन दिवस मोजा, रोजचा खप कळेल. तेवढंच भरत राहायचं. कॅल्शियम भरण्यासाठीचं कॅल्शियम क्लोराइड वेगळ्या वेळी द्या, नाहीतर दोन्ही एकत्र येऊन पांढरा साका धरेल.

आता जे मला फार उशिरा उमगलं ते सांगतो. बायकार्बोनेट आणि कॅल्शियम क्लोराइड दोन्ही देत गेलं की उरतं ते साधं मीठ, सोडियम क्लोराइड. पाणी बदलत असताना ते आपोआप बाहेर जायचं. मी आठ महिने डोस देत राहिलो. अल्कलिनिटी अगदी सरळ रेषेत, तरी टॉर्च कोरल हे प्रवाळ दिवसेंदिवस मिटत चाललेलं. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) हजारी ३५ दाखवत होता, कारण तो फक्त साध्या पाण्यावर शून्याला लावलेला होता. ३५ च्या प्रमाणित द्रावणावर तपासला तेव्हा टाकी खरं तर ३९ वर निघाली. रोज थोडं खारं पाणी काढून तेवढंच आरओ पाणी घालत, दहा दिवसांत खाली आणलं. त्या कोरलचं एक डोकं गेलं, बाकीचं वाचलं. हा धोका तुम्हालाही आहे, म्हणून दर आठवड्याला क्षारता मोजाच. खप कमी असेपर्यंत चुन्याची निवळी हा मला या दोन्हींच्या डोसहून सरस वाटणारा मार्ग आहे. बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याच्या जागी ती थेंब थेंब द्यायची, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही मिळतात आणि मीठ साचत नाही. फक्त वरचं निवळलेलं पाणी घ्या आणि रात्री द्या, कारण तेव्हा पीएच उतरलेला असतो आणि निवळी तो वर नेते.

नायट्रेटचं काम तुमचा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि संपमधलं, म्हणजे जोडटाकीतलं, कीटोमॉर्फा शेवाळ करतंय, ते तसंच चालू द्या. शेवाळाचा गोळा दाटला की अर्धा उपटून टाका. ते टाकीबाहेर गेलं तरच पोषकद्रव्यं बाहेर जातात. नायट्रेट शून्यावर नेण्याच्या मागे मात्र लागू नका, तिथे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव डोकं वर काढतात आणि मग महिनोन्‌महिने निस्तरत बसावं लागतं.

तुमच्याकडे लेदर कोरलही आहे. ते शेजाऱ्यांना रोखण्यासाठी पाण्यात रसायनं सोडतं, आणि पाणी बदलणं थांबलं की ती साचतात. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवा आणि महिन्याने बदला. आयोडीन, लोह वगैरेंच्या बाटल्या इतक्यात घेऊ नका. जे मोजता येत नाही ते ओतू नये. वर्षातून एक-दोनदा आयसीपी चाचणी (प्रयोगशाळेत पाण्यातली मूलद्रव्यं मोजणारी) करून घ्या आणि त्यात जे कमी दिसेल तेवढंच भरा.

४० लिटर मिसळलेलं खारं पाणी मात्र कायम तयार असू द्या. मोठा मासा खडकामागे मेला, पंपाच्या चुंबकाला गंज लागला किंवा घरात रंगकाम होऊन वाफारे पाण्यात गेले, तर त्या दिवशी डोसिंग नाही, शेवाळ नाही, पाणी बदलणंच कामी येतं.